तणनाशकाची उधारी : मातीत काय उरते आणि ते कोण फेडते?

कापडाचा व्यापार करणाऱ्याने तणनाशकावर लेख लिहावा, याचे वाचक बंधूंना थोडे नवल वाटेल. परंतु या पानाचे वाचक केवळ साचेवाले आणि कापडवाले नाहीत. कृषी सेवा केंद्र चालविणारे आहेत, बागवान आहेत, कांद्याचे आडते आहेत, फवारणीचे पंप दुरुस्त करणारे कारागीर आहेत. शिवाय धंद्यातून चार पैसे शिल्लक टाकून गावाबाहेर दोन-पाच एकर जमीन घेतलेले आणि ती बटाईने दिलेले आमच्यासारखेही पुष्कळ आहेत. या सर्वांच्या व्यवहारात तणनाशक येते. ते विकले जाते, फवारले जाते आणि पंधरा दिवसांत विसरले जाते. मातीत मात्र ते किती महिने राहते आणि तिथे त्याचे काय होते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. आम्हालाही ठाऊक नव्हते. त्या अज्ञानापायी आमच्या हातून एका सरळ माणसावर अन्याय झाला. म्हणून आधी तीच हकीकत सांगतो.

२०१८ सालची गोष्ट

मालेगाव तालुक्यात आमच्या मरहूम वडिलांनी घेतलेली पाच एकर जमीन आहे. काळी, चुनखडीची. गावातीलच एक शेतकरी ती निम्म्या वाट्याने करतात. २०१८ च्या जून अखेरीस त्यांनी मका पेरला आणि पेरणीबरोबर अ‍ॅट्राझीन हे तणनाशक मारले. एकरी ८०० ग्रॅम पावडर, म्हणजे शिफारशीची वरची मर्यादा. अ‍ॅट्राझीन मातीतून मुळांवाटे काम करते, त्याला ओल लागते. त्या वर्षी पावसाने दगा दिला. औषध वरच्या कोरड्या थरात पडून राहिले आणि तण उगवलेच. दुकानदाराने सांगितले, पुन्हा एक हात मारा. जुलैच्या मध्यावर आणखी ८०० ग्रॅम मारले गेले. आम्ही बिल भरले आणि विसरलो.

मका कसाबसा निघाला. ऑक्टोबर अखेर तालुका दुष्काळी जाहीर झाला, पण विहिरीला थोडे पाणी होते. त्या भरवशावर त्याच शेताच्या एका कोपऱ्यात उन्हाळ कांद्याचे रोप टाकले. बी आमच्या मोहल्ल्यातील एका बागवान भाईकडून उधारीवर घेतले होते. घरच्या डोंगळ्यांचे दहा किलो बी, तीन एकरांच्या लागवडीपुरते. रोप छान उगवले. गादीवाफे हिरवेगार दिसू लागले. मग तिसऱ्या आठवड्यात पातीचे शेंडे पिवळे पडू लागले, पिवळ्याचे पांढरे झाले आणि पात शेंड्याकडून खाली वाळत गेली. करपा समजून दोनदा बुरशीनाशक मारले. फरक पडला नाही. महिनाभरात तीन हिस्से रोप बसले.

आमचा राग सरळ बागवान भाईवर गेला. बी खराब दिले, असे आम्ही बाजारात चारचौघांत बोललो आणि त्याचे पैसे अडवले. तो भांडला नाही. एवढेच म्हणाला, ‘‘सेठ, बीज निकला ना? फिर मेरा क्या कुसूर?’’ त्या वेळी आम्हाला ती पळवाट वाटली. वस्तुतः सगळ्या प्रकरणाचे उत्तर त्या एका वाक्यात होते, आणि ते समजायला आम्हाला दोन महिने लागले.

जानेवारीत कृषी विद्यालयात शिकविणारे एक गृहस्थ आमच्या दुकानी कापड घ्यायला आले असता हा विषय निघाला. त्यांनी पहिला प्रश्न बियाण्याचा विचारलाच नाही. ‘‘आधी कोणते पीक होते, त्यावर काय मारले, कधी आणि किती?’’ असे त्यांनी विचारले. दोन वेळा अ‍ॅट्राझीन मारल्याचे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. ते म्हणाले, ‘‘शेठ, बी वाईट असते तर उगवलेच नसते, किंवा पातळ उगवले असते. हे उगवले आणि मग पिवळे पडले. अ‍ॅट्राझीन उगवण रोखत नाही. ते पानाचे अन्न बनविण्याचे काम बंद पाडते. बियातील शिदोरी आहे तोवर रोप हिरवे राहते. शिदोरी संपली आणि पानाने स्वतः कमवायची वेळ आली की ते मरते.’’

आम्ही त्याच आठवड्यात बागवान भाईचे पैसे दिले आणि ज्या चारचौघांत बोललो होतो त्याच चारचौघांत आपली चूक कबूल केली. पण तोवर त्याची दोन गिऱ्हाइके तुटली होती, आणि ती परत आणणे आमच्या हातात नव्हते.

खाते शून्यावर का येत नाही

औषध मातीत किती काळ राहते, हे मोजण्याचे माप म्हणजे अर्धायुष्य. आज जेवढे आहे त्याचे निम्मे व्हायला लागणारे दिवस. व्यापाऱ्याला हे चटकन समजेल. समजा, एका गिऱ्हाइकाकडे ४०० रुपये येणे आहे. तो दर दोन महिन्यांनी, जेवढे उरले असेल त्याच्या निम्मे देतो. दोन महिन्यांनी २०० उरले, चार महिन्यांनी १००, सहा महिन्यांनी ५०. असे गिऱ्हाईक नियमित देते, तरी त्याचे खाते कधी पुरते बंद होत नाही.

अ‍ॅट्राझीनचे अर्धायुष्य साधारणपणे ६० दिवस धरले जाते. परंतु हा आकडा म्हणजे सरासरी आहे. उबदार, ओलसर आणि सेंद्रिय कर्ब भरपूर असलेल्या मातीत तो दोन-तीन आठवड्यांवर येतो, तर कोरड्या किंवा थंड मातीत १०० दिवसांच्याही पुढे जातो. मातीचा सामू हाही मुद्दा आहे. आम्लधर्मी मातीत अ‍ॅट्राझीन आपोआपही लवकर फुटते. आपल्याकडील चुनखडीच्या विम्लधर्मी काळ्या मातीत ती क्रिया मंद चालते.

आता आमच्या शेताचा हिशेब मांडू. पावडरीत मूळ औषध निम्मे असते, म्हणजे एका वेळी एकरी ४०० ग्रॅम आणि दोन वेळांचे ८०० ग्रॅम. एकदाच मारले असते आणि पाऊस बरा असता, तर चार महिन्यांनी, रोप टाकण्याच्या वेळी, सुमारे १०० ग्रॅम उरले असते. पण दोनदा मारले आणि कोरड्या सालामुळे अर्धायुष्य १०० दिवस झाले असे धरले, तर त्याच दिवशी ३५० ग्रॅमच्या आसपास शिल्लक निघते. म्हणजे ज्या मातीत आम्ही कांद्याचे नाजूक बी टाकले, तिच्यात मक्याला एका वेळी देतात जवळजवळ तेवढे औषध हजर होते. वरून आम्ही विहिरीचे पाणी दिले. चार महिने कोरड्या मातीत अडकून पडलेले औषध पाण्यात उतरून थेट मुळांशी गेले. मका मरत नाही, कारण मक्याच्या पेशी अ‍ॅट्राझीन मोडून निकामी करतात. कांद्याजवळ ती विद्या नाही.

यात एक बारकावा आहे. मात्रा दुप्पट केली की पहिल्या मापावर यायलाच एक पूर्ण अर्धायुष्य जास्त लागते. ‘थोडे जास्त मारले तर काय बिघडले’ असे म्हणणाऱ्याने पुढच्या पिकाचे दोन-तीन महिने गहाण टाकलेले असतात.

मातीतील कारागीर

आता खरा प्रश्न. मातीतील हे औषध कमी होते ते कोणामुळे? ऊन थोडे काम करते, पाणी थोडे खाली वाहून नेते, मातीतील रासायनिक क्रिया काही भाग मोडते. पण बराच मोठा वाटा जिवाणू आणि बुरशी यांचा असतो.

आम्ही उर्दू माध्यमात शिकलो. तिथे या जीवांना ‘जरासीम’ म्हणत, आणि जरासीम म्हटले की रोग, ताप, हगवण हेच डोळ्यांपुढे येई. मराठीत ‘सूक्ष्मजीव’ हा शब्द त्या मानाने न्यायाचा आहे. चिमूटभर चांगल्या मातीत हे कोट्यवधी असतात आणि त्यांतील बहुतेक आपले नोकर आहेत, तेही बिनपगारी. पाचोळा कुजविणे, शेणखताचे अन्नात रूपांतर करणे, हवेतील नत्र कडधान्याच्या मुळाशी बांधून देणे, युरियातील नत्र पिकाला घेता येईल अशा रूपात आणणे ही सारी यांचीच कामे.

आमच्या धंद्यातील दाखला देतो. ताण्याच्या सुतावर साचावर चढण्याआधी खळ बसवतात. कापड विणून झाल्यावर रंगविण्यापूर्वी ती खळ काढावी लागते. त्यासाठी प्रोसेस हाउसमध्ये जे एन्झाइम वापरतात ते मुख्यतः जिवाणूंपासून तयार केलेले असते. पाणी योग्य गरम असेल आणि वेळ पुरेसा दिला तर ते खळीचा कण न्‌ कण मोडून टाकते. पाणी थंड असेल किंवा घाई केली तर खळ जागोजागी राहते आणि त्या जागी रंग धरत नाही. कापडाच्या वरून हात फिरवून काही समजत नाही. रंगाच्या हौदातून बाहेर आल्यावर चट्टे दिसतात, आणि मग रंगारी व विणकर एकमेकांना दोष देतात. शेतातही असेच होते. जिवाणूंना ओल, ऊब, अन्न आणि मुदत मिळाली तर ते औषध मोडतात. नाही मिळाली तर ते राहते, आणि पुढचे पीक घेतल्यावरच दिसते.

अ‍ॅट्राझीन मोडणाऱ्या जिवाणूंची कथा मोठी मजेची आहे. हे तणनाशक १९५८ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या गायगी कंपनीने बाजारात आणले. त्याच्या रेणूत नत्राचे पाच अणू आहेत, पण सुरुवातीच्या काळात ते मातीतील जीवांना सहज पचत नव्हते. १९९५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी तणनाशक सांडलेल्या एका जागेच्या मातीतून सुडोमोनास वर्गातील एक जिवाणू वेगळा केला. तो अ‍ॅट्राझीन चक्क नत्राचे खत म्हणून खातो. पहिल्या घासाला तो रेणूतील क्लोरीन काढून टाकतो, तेवढ्याने औषधाचे तण मारण्याचे बळ संपते. पुढे एकेक कडी सुटत जाऊन शेवटी अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड उरतो. ही विद्या ज्या जनुकांत आहे ती एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. म्हणूनच ज्या शेतांत वर्षानुवर्षे अ‍ॅट्राझीन पडले आहे, तेथील काही मातींत ते आता इतक्या लवकर फस्त होते की तणावर त्याचा पुरेसा परिणामही होत नाही. काही मातींत असेही दिसले आहे की युरियासारखे सोपे नत्र भरपूर मिळाले की हे जिवाणू अ‍ॅट्राझीनकडे वळत नाहीत. तयार जेवण मिळाल्यावर कष्टाचे कोण खाईल!

सुब्हानल्लाह म्हणावे अशीच ही व्यवस्था आहे. पण तिच्यावर विसंबून दुप्पट मात्रा मारणे म्हणजे कारागीर चांगला आहे म्हणून त्याच्याकडून दोन पाळ्या सलग काम घेण्यासारखे आहे.

कारागिरांवर काय परिणाम होतो

इथे दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती ऐकू येते. तणनाशकाने माती ‘मेली’ असे काही जण म्हणतात. विकणारे म्हणतात, मातीला काही होत नाही. शास्त्रज्ञांनी आजवर केलेल्या प्रयोगांचा एक मोठा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष दोघांनाही गैरसोयीचा आहे. शिफारशीच्या मात्रेत बहुतेक तणनाशकांचा मातीतील सूक्ष्मजीवांवरील परिणाम लहान किंवा तात्पुरता असतो. परंतु काही अपवाद ठळक आहेत. सल्फोनिलयुरिया गटातील तणनाशके विम्लधर्मी किंवा कमी सेंद्रिय कर्बाच्या मातीत नत्राच्या चक्रात अडथळा आणतात. ग्लायफोसेट आणि अ‍ॅट्राझीनमुळे गांडुळांवर परिणाम झाल्याच्या नोंदी आहेत. काही ठिकाणी मुळांचे रोग वाढल्याचेही दिसले आहे.

आता आपल्या भागाचा विचार करा. विम्लधर्मी माती आणि कमी सेंद्रिय कर्ब, हे वर्णन आपल्याच जमिनीचे आहे. शेणखत कमी झाले, गुरे कमी झाली, पाचट जाळण्याची सवय पडली. म्हणजे जो अपवाद पुस्तकात एका ओळीचा आहे, तो आपल्याकडे नियम ठरण्याची भीती आहे. गव्हात वापरले जाणारे सल्फोसल्फ्युरॉन याच गटातले. त्याच्या मागे मका किंवा ज्वारी घेणाऱ्याने जपून असावे, कारण ही दोन्ही पिके त्याच्या अवशेषाला फार नाजूक आहेत.

अ‍ॅट्राझीनचा मारा प्रकाशापासून अन्न बनविण्याच्या क्रियेवर असतो. त्यामुळे मातीच्या वरच्या थरातील शेवाळे आणि नील-हरित शेवाळे हे त्याचे सरळ बळी आहेत. नील-हरित शेवाळ्यांतील काही जाती हवेतील नत्र बांधतात, हे धान करणाऱ्यांना माहीत असेल.

ग्लायफोसेटचे काम वेगळे. १९७४ पासून ते बाजारात आहे. वनस्पतींत जे एन्झाइम ते बंद पाडते, ते माणसात व जनावरात नसते, पण अनेक जिवाणू आणि बुरशींमध्ये असते. सोयाबीनच्या मुळावर गाठी करणाऱ्या जिवाणूंतही ते आहे. काही जिवाणूंचे एन्झाइम मात्र या औषधाला दाद देत नाही. अशाच एका जिवाणूचे जनुक घेऊन तणनाशक सहन करणारी पिके तयार झाली. कापसाचे असे वाण आपल्या देशात मंजूर नसतानाही पेरले गेले. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने ते जाहीरपणे पेरून कायद्याला आव्हान दिले होते. मजुरीचा खर्च हे त्यांचे म्हणणे, आणि ते खोटे नाही. निंदणीला बाई मिळत नाही हे आम्हीही पाहतो. पण ग्लायफोसेट मातीला घट्ट चिकटते. त्याचे अर्धायुष्य काही दिवसांपासून सहा महिन्यांपर्यंत असू शकते आणि ते मोडून जो पदार्थ बनतो तो त्याहूनही जास्त टिकतो, हेही हिशेबात धरले पाहिजे.

पाण्याचेही बोलू. अ‍ॅट्राझीन ग्लायफोसेटसारखे चिकटून बसत नाही, ते पाण्याबरोबर खाली जाते. युरोपात भूजलासाठी कोणत्याही एका कीडनाशकाची मर्यादा दर लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे एका ग्रॅमचा एक कोटीवा भाग. ती ओलांडली जाते म्हणून २००४ मध्ये युरोपीय संघाने अ‍ॅट्राझीनला मंजुरी नाकारली. त्यानंतर अनेक वर्षांनीही तेथील विहिरींच्या पाण्यात त्याचे अंश सापडत राहिले. आपल्या केंद्र सरकारने मे २०२० मध्ये २७ औषधांवर बंदीचा मसुदा काढला होता, त्यात अ‍ॅट्राझीनचे नाव होते. २०२३ च्या अंतिम आदेशात मोजक्याच औषधांवर बंदी आली आणि अ‍ॅट्राझीन सुटले. सुटले याचा अर्थ निर्दोष ठरले असा काढू नये.

मालाबरोबर माहितीही द्यावी

ब्रिटनमध्ये २००८ साली घडलेली एक घटना आपल्या पानाच्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. तेथे कुरणांतील रुंद पानांच्या तणासाठी अमिनोपायरालिड नावाचे औषध मारले जाई. ते गवत जनावरांनी खाल्ले. औषध जनावराच्या पोटातून न मोडता शेणात उतरले. ते शेणखत परसबागेवाल्यांनी विकत घेतले आणि त्यांचे टोमॅटो, घेवडा, बटाटे वाकडेतिकडे, मुडपलेले उगवले. औषधाची विक्री तेव्हा थांबवावी लागली आणि पुढे कडक अटींवर पुन्हा सुरू झाली. या साखळीत औषध विकणारा, गवत विकणारा, गोठेवाला आणि खत विकणारा असे चार व्यापारी होते. प्रत्येकाने माल पुढे दिला, पण त्या मालावर काय मारले होते ही माहिती वाटेत कोठे तरी गळाली. नुकसान शेवटच्या माणसाचे झाले.

आपल्याकडे मालाचा ऐब सांगून विकणे ही केवळ सज्जनपणाची बाब नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओल लागली, ही घटना आपल्या प्रत्येक दुकानदाराने ऐकलेली आहे. तणनाशकाची ओल हात घालून लागत नाही, म्हणून सांगणाऱ्याची जबाबदारी वाढते. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात तणनाशकेही येतात आणि डब्याबरोबर माहितीपत्रक देणे बंधनकारक आहे. त्या पत्रकावरील बारीक अक्षरांत पुढील पिकाविषयी सूचना असू शकते. आमच्या ज्या बांधवांची कृषी सेवा केंद्रे आहेत, त्यांनी डबा हातात देताना गिऱ्हाइकाला दोन प्रश्न विचारावेत. या पिकानंतर काय घेणार? या शेतात यंदा आधी काही मारले आहे का? आमच्या दुकानदाराने दुसरा प्रश्न विचारला असता, तर कदाचित तो डबा विकला गेला नसता. त्याचे शे-दोनशे रुपये बुडाले असते आणि आमचे तीन एकरांचे रोप वाचले असते.

बटाईच्या करारातही ही बाब लिहावी. कोणत्या तुकड्यात, कोणत्या तारखेला, काय आणि किती मारले, याची एक ओळ. जमीन एकाची आणि कष्ट दुसऱ्याचे असताना औषधाची निवड तिसराच करतो, आणि रोप गेले की बटाईदाराचे सहा महिने फुकट जातात. २०१८ च्या नुकसानीत आम्ही बियाण्याचा आणि नांगरणीचा सगळा खर्च स्वतःकडे घेतला, कारण दुसऱ्या फवारणीला होकार आमचा होता.

पंप दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना एवढेच सांगायचे आहे की तणनाशकाचा पंप वेगळा ठेवण्याचा सल्ला गिऱ्हाइकाला जरूर द्या. टू-फोर-डी मारलेल्या पंपाने कापसावर कीटकनाशक मारले तर टाकीत व नळीत उरलेला अंशही पुरतो, आणि कापसाची पाने भेंडीच्या पानासारखी चिरली जातात.

कुंडीतली परीक्षा

प्रयोगशाळेत मातीतील औषध मोजता येते, पण ती तपासणी महाग आहे. त्याऐवजी घरी करता येण्याजोगी एक परीक्षा आहे. ती त्या शिक्षकांनीच आम्हाला शिकविली.

रोप टाकण्याच्या महिनाभर आधी शेतातील आठ-दहा ठिकाणांची वरची वीतभर माती घेऊन मिसळावी. जिथे फवारणी वळते तो डोकेबांध आणि जिथे पाणी साचते तो सखल भाग वगळू नये, औषध तिथेच जास्त असते. दुसरी माती अशा जागेची घ्यावी जिथे कधीच तणनाशक पडले नाही, पण पोत तोच आहे. दोन्ही माती तीन-तीन कुंड्यांत किंवा डब्यांत भरून खाली भोक पाडावे. प्रत्येकात काकडीचे किंवा मोहरीचे दहा-बारा दाणे टाकावेत, कारण ही दोन्ही रोपे अ‍ॅट्राझीनला लवकर दाद देतात. कांद्याचे बी हाताशी असेल तर तेही टाकावे. डबे उन्हात ठेवावेत, सावलीत परीक्षा फसते. पाणी नेमाने द्यावे.

आणि घाई करू नये. पहिल्या आठवड्यात दोन्हीकडे सारखेच उगवेल आणि मन निश्चिंत होईल. बागवान भाईच्या बियाण्याचेही असेच झाले होते. खरा फरक दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, खरी पाने आल्यावर दिसतो. शेतातील मातीच्या रोपांची जुनी पाने कडेने पिवळी पडू लागली आणि दुसऱ्या डब्यातील हिरवी राहिली, तर औषध अजून बाकी आहे. मग तिथे मका, ज्वारी किंवा ऊस यांसारखे सोसणारे पीक घ्यावे, किंवा शेणखत घालून, ओलवून, नांगरून मातीला मुदत द्यावी. शेणखत जिवाणूंना अन्न देते आणि औषधाला थोडे बांधूनही ठेवते. मात्र ते खत ज्या गोठ्यातून आले, तेथील चाऱ्यावर काय मारले होते तेही विचारून घ्यावे.

आम्ही आता दर वर्षी सप्टेंबरच्या शेवटी दुकानाच्या गच्चीवर सहा डबे ठेवतो. येणारी-जाणारी मंडळी हसतात, कापडवाल्याने काकडी लावली म्हणतात. एके वर्षी शेतातील मातीच्या तीन डब्यांपैकी एकाच डब्यातील रोपे पिवळी पडली. ती माती विहिरीकडच्या सखल कोपऱ्याची होती. आम्ही बटाईदारांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘शेठ, मी तिथंच वाफे काढून ठेवलेत.’’ वाफे मोडले, आणि रोप बांधापलीकडच्या तुकड्यात, ज्यात त्या साली भुईमूग होता, तिथे टाकले. बी त्याच बागवान भाईकडचे होते, या खेपेला रोखीने घेतलेले.